काठीमास्तरांचं तळं

माझ्या मामाला सगळे काठीमास्तर म्हणतात आणि नवीन माणसाला वाटतं हा मारत असेल. अजिबात नाही. मामा डाससुद्धा आधी हाकलून बघतो, मग मारतो. काठी आहे ती पोहायला शिकवायची.

तो तरणतलावावर शिकवतो. लांब बांबूची काठी घेऊन कडेकडेने अनवाणी चालत असतो, आणि काठीचं टोक शिकणाऱ्याच्या नाकासमोर, पाण्याच्या जरासं वर. इतकं जवळ की वाटतं हात लांब केला की आलीच. तुम्ही हात लांब करता, काठी तेवढीच पुढे जाते. परत हात मारता, ती परत सरकते. शिव्या द्याव्याशा वाटतात पण तोंडात पाणी असतं. आणि मग केव्हातरी भिंतीला डोकं आपटतं आणि कळतं की अरे, आपण पोहत आलो. त्या दिवशी, फक्त त्या दिवशी, मामा काठी हातात देतो. ती धरायची आणि त्याने ओढून वर काढायचं. झालं शिक्षण. सर्टिफिकेट वगैरे काही मिळत नाही, पण आमच्या इथल्या कुणालाही विचारा, काठी कधी मिळाली होती, तो लगेच हसायला लागतो.

मी कॉलेजसाठी मामाकडे राहते. सकाळी कधीकधी त्याच्याबरोबर टँकवर जाते, कारण तेव्हा तिथे जे असतं ना ते मला दुसरीकडे कुठे सापडलेलं नाही. वरच्या काचांमधून उजेड येतो, पाण्यावर पडतो आणि पाणी तो छतावर फेकतं. सगळं छत हलत असतं. क्लोरीनचा वास, ओल्या फरशीचा गारवा, लांब कुठेतरी नळ टपकतोय. मामा एकटा उभा असतो, काठी खांद्याला टेकवून, छताकडे बघत. मी हाक मारली तर जरा वेळाने ओ देतो, जसा कुठूनतरी चालत परत येतो.

"कुठे होतास?"

"पलीकडे," तो म्हणतो.

पलीकडे म्हणजे तळ्याच्या पलीकडे. आमच्या घराच्या बाल्कनीतून तळं दिसतं, मोठं, एवढं मोठं की समोरचा काठ धुरकट असतो, आणि त्या काठावर एक पिवळं घर आहे. काडेपेटीएवढं. मामा रोज संध्याकाळी चहाचा कप घेऊन त्या घराकडे बघत बसतो. त्या घरात कोण राहतं हे त्याने स्वतःच ठरवून टाकलेलं आहे. एक बाई आहे, तिला झाडांचं वेड आहे. नवरा तिचा घड्याळं दुरुस्त करतो. त्यांच्याकडे एक म्हातारं मांजर आहे, ते पायरीवर झोपतं. मी लहान होते तेव्हा मला हे सगळं खरं वाटायचं, सुट्टीत आले की मी आधी मांजराची चौकशी करायची. "आता जरा ऐकू कमी येतं त्याला," मामा गंभीरपणे सांगायचा.

आता मुद्द्याची गोष्ट. आमच्या इथल्या पोहणाऱ्यांच्या क्लबात एक रीत आहे. ज्याने तळं पार केलं, या काठावरून त्या काठाला, होडीला हात न लावता, तो कँटीनमध्ये खिडकीजवळच्या लांब टेबलावर बसतो. कुणी पाटी लावलेली नाही. पण पार न केलेला माणूस तिथे बसत नाही म्हणजे नाही. बरोबर होडी असते, खायला-प्यायला देतात ते काठीला कप बांधून, हाताने नाही. होडीला किंवा होडीतल्या माणसाला हात लागला की बाद. त्या खिडकीच्या टेबलावरच्या अर्ध्या लोकांना मामाने पोहायला शिकवलंय. आणि मामा स्वतः दाराजवळच्या छोट्या टेबलावर बसतो, जिथे प्रत्येक येणारा-जाणारा त्याच्या खुर्चीला धक्का देऊन जातो.

कारण मामाने तळं एकदाच पोहायला घेतलं होतं, लग्नानंतर लगेच, आणि पिवळं घर अगदी समोर आलं असताना त्याच्या पायात पेटका आला. होडीत घ्यावं लागलं. ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. पेटका म्हटलं की कँटीनवालासुद्धा मान हलवून चुकचुकतो.

परत का नाही प्रयत्न केलास, असं मी त्याला कितीदा विचारलं असेल. तो म्हणायचा, अगं राहून गेलं. आधी टँकची नोकरी लागली, मग घर घेतलं, मग आजोबांचं आजारपण. "पण बघ ना," तो म्हणायचा, "नोकरी हवी होती, झाली. तळं दिसेल असं घर हवं होतं, झालं. गल्लीतल्या सगळ्यांना पोहता यावं असं वाटायचं, तेही जवळजवळ झालं."

जवळजवळ, कारण दोन माणसं त्याच्या हाती लागली नाहीत. एक होडीवाला. आयुष्यभर तळ्यावर होडी चालवतो आणि पोहता येत नाही. मामाने शिकवतो म्हटलं की ठरलेलं उत्तर, "मला पोहायचं असतं तर होडी कशाला घेतली असती मास्तर?" आणि दुसरी माझी मामी. मामी चष्म्याच्या दुकानात काम करते, दिवसभर लोकांच्या नाकावर काचा ठेवून "आता दिसतंय का?" विचारते, कुणाला घाबरत नाही, दुकानाच्या मालकालाही नाही. पण पाण्याला घाबरते. बादलीतलं पाणीसुद्धा ती जरा लांबूनच घेते.

तर या वर्षी मामाचा खांदा गेला. डॉक्टरांनी फोटो बघितला, मान हलवली, म्हणाले ऑपरेशन करावं लागेल. डॉक्टरही काठीवरूनच शिकलेले, त्यामुळे त्यांना सांगताना जड गेलं.

"मास्तर, नंतर केस विंचरता येतील, कपाट उघडता येईल."

"आणि पोहता?"

"उथळ बाजूला, हळूहळू."

"म्हणजे नाही."

डॉक्टर फोटो परत पाकिटात घालायला लागले. मामाने त्यांच्या खांद्यावर थोपटलं, म्हणजे बघा, कुणी कुणाला धीर द्यायचा. पण बाहेर आल्यावर रिक्षात तो एकदम म्हणाला, "ऑपरेशनच्या आधी एकदा." बस एवढंच. मी ओरडलेच, "हो! हो मामा, हो!" रिक्षावाल्याने दचकून ब्रेक मारला.

मला वाटलं होतं मामी थयथयाट करेल. तिने ऐकून घेतलं, भाजी चिरत होती ती चिरत राहिली, आणि म्हणाली, "मी येणार होडीत."

"तू?" मामा हसायलाच लागला.

"मी म्हटलं ना, मी येणार."

त्या दुपारी मामा झोपला होता आणि ती बाल्कनीत टॉवेल वाळत घालत होती. मी म्हटलं, मामी, तुला भीती वाटते ना, मी जाते की होडीत. तिने हातातला टॉवेल पिळला, तो आधीच पिळलेला होता. मग तळ्याकडे पाठ करून म्हणाली, "पेटका नव्हता आला त्यांना."

"म्हणजे?"

"मी होते होडीत, वल्ह्यावर होडीवाल्याचे वडील, त्यांचं लक्ष काठाकडे. नवीन लग्न, मला मेलीला काय कळतंय. ओठ निळे पडलेले त्यांचे. मला वाटलं हा माणूस आता जातो. मी रडत रडत हात पुढे केला. आणि त्यांनी धरला. संपलं सगळं तिथे." टॉवेलला चिमटा लावला, काढला, परत लावला. "आणि घरी येऊन सगळ्यांना सांगितलं, पेटका आला. माझ्यावर येऊ नये म्हणून. कधी एका शब्दाने मला बोलले नाहीत गं. एकदा बोलले असते तरी बरं झालं असतं. रोज संध्याकाळी तो चहाचा कप घेऊन बसतात ना, मी आत निघून जाते. मला वाटतं, ते घर मी गिळलं त्यांचं."

मला तर रडूच आलं, मी तिला मिठी मारली, ती म्हणाली, "सोड, टॉवेल चुरगळतोय."

मग ती सकाळ. मी कितीही लिहिलं तरी ती सकाळ येणार नाही कागदावर, पण ऐका. तळ्यावर धुकं होतं, पातळ, पाण्याच्या जरा वरच थांबलेलं, जसं कुणीतरी अंथरून ठेवलंय आणि आता झटकणार आहे. क्लबात कुणाला सांगितलं नव्हतं. "झालं तर झालं, लोकांना कशाला उगाच लवकर उठवा," मामा म्हणाला. होडीत होडीवाला, मी, थर्मास, टॉवेल, आणि मामी, दोन्ही हातांनी फळी घट्ट धरून, डोळे मिटून. कप बांधायला मामाची काठी. मामा काठावर उभा राहिला, पाण्याकडे बघून हळूच काहीतरी पुटपुटला, आणि आत गेला. उडी नाही, आवाज नाही. पाण्याने त्याला नुसतं आत घेतलं.

आणि तो काय पोहतो! टँकवर तो कायम कडेवर असतो त्यामुळे मी त्याला असं लांब पोहताना कधी बघितलंच नव्हतं. हात वर येतो, थांबल्यासारखा वाटतो, मग पाण्यात शिरतो, आणि मागे एक रेघ राहते, ती हळूहळू मिटते. धुक्यात तो दिसायचा, नाहीसा व्हायचा, परत दिसायचा. होडीवाला वल्ही मारत होता तीसुद्धा आवाज न करता. मला वाटत होतं आपण सगळे झोपेत आहोत आणि मामाला जाग आहे, किंवा उलट. मधेच मामीने डोळे उघडले. एक उघडला आधी, मग दुसरा. आणि मग ते मिटलेच नाहीत, ती त्याच्याकडेच बघत राहिली.

ऊन वर आलं, धुकं गेलं, पिवळं घर दिसायला लागलं. मी काठीला कप बांधून गोड कोमट पाणी दिलं, तो प्यायला, हसला. मग खांद्याने त्रास द्यायला सुरुवात केली. उजवा हात पूर्ण वर येईना. तो एका बाजूने पोहायला लागला, मग पाठीवर झाला, आणि होडीच्या जवळ येऊन आभाळाकडे बघत तरंगत राहिला. ओठ निळसर.

"झालं गं," तो म्हणाला. आवाजात काही दुःख नव्हतं, उलट जरा सुखातच होता. "इथून पण छान दिसतंय. हात दे."

मामी हलली नाही.

"अगं दे ना हात."

"नाही."

"नाही काय? दमलोय मी."

"एकदा दिला होता. त्याचं काय झालं ते बघतेय इतकी वर्षं. परत नाही देणार."

मामा पाठीवरचा उभा झाला, पाण्यात पाय मारत. "कधी दिला होतास?"

"कधी काय? त्याच दिवशी! मी हात पुढे केला, तुम्ही धरलात, म्हणून बाद झालात!"

"हात?" मामाच्या तोंडात पाणी गेलं, त्याने ते थुंकलं. "अगं, मी त्याच्या आधीच होडी धरली होती!"

"काय?"

"डाव्या हाताने. मागच्या बाजूला. संपलो होतो मी, पेटका-बिटका काही नाही, नुसता दम संपला होता. तुझा हात नंतर आला. तू बघितलंस ना मला?"

"मी कुठून बघणार? मी रडत होते!"

"मला वाटलं तू बघितलंस! मी सगळ्यांना पेटका सांगितलं, तू काहीच बोलली नाहीस, मला वाटलं काय गुणाची बायको मिळाली, माझी अब्रू झाकली!"

"आणि मला वाटलं तुम्ही माझी झाकलीत!"

"एकच चादर दोघांनी दोन बाजूंनी धरून ठेवलीत म्हणा की," होडीवाला म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा हो!" दोघं एकदम.

"दिवसभर जगाला चष्मे लावतेस," मामा पाण्यातून ओरडत होता, "आणि तुला नवऱ्याचा हात दिसला नाही?"

"आणि तुम्ही! इतकी वर्षं! तुम्ही बाल्कनीत बसलात की मी स्वयंपाकघरात जाऊन डबे पुसायचे! पुसलेले डबे परत पुसायचे!"

"मला वाटायचं तुला तळं आवडत नाही."

"मला तळं आवडतं!" मामी म्हणाली, आणि मग स्वतःच दचकली.

पाणी होडीला टक टक लागत होतं. एक पांढरा पक्षी कुठूनतरी आला आणि आमच्यावरून अगदी सावकाश गेला, जसं त्याला पुढचं ऐकायचं होतं. मामीने माझ्या हातातून काठी घेतली, कप सोडून टाकला आणि उभी राहिली. होडीत! उभी! होडी डुलली, मी किंचाळले, तिचं लक्षच नव्हतं.

"चला," ती म्हणाली. "पोहा आता. होडीला बोट लावलंत तर काठी हाणीन बोटांवर."

काठीमास्तरांच्या काठीने पहिल्यांदाच कुणालातरी मारायची धमकी दिली, आणि ती मास्तरांनाच.

तिने काठीचं टोक त्याच्या नाकासमोर धरलं. तिला कुणी शिकवलं नव्हतं, पण किती वर्षं डबा द्यायला टँकवर जाऊन बघितलं असेल. मामाने हात मारला. काठी सरकली. परत हात मारला. परत सरकली. "लबाड आहेस," तो मधेच म्हणाला. "पाय मारा, बोलू नका," ती म्हणाली, अगदी त्याच्याच सुरात. डावा हात पूर्ण, उजवा अर्धा, डावा पूर्ण, उजवा अर्धा. होडीवाला तोंड उघडं टाकून बघत होता, वल्ही मारायचं विसरत होता आणि मग घाईघाईने मारत होता. किती वेळ गेला मला माहीत नाही. मला खरंच वाटायला लागलं होतं की हे असंच चालू राहणार, मी म्हातारी होणार, होडीत बसून, आणि ऊन असंच राहणार.

मग होडी चिखलात रुतली.

"याच्यापुढे नाही जात," होडीवाला म्हणाला.

मामाचे पाय टेकले होते. तो उभा राहिला, धडपडला, परत उभा राहिला. गुडघ्याएवढं पाणी, मग घोट्याएवढं, मग कोरडे दगड. दोन्ही पाय कोरड्यावर ठेवून तो एक क्षण उभा राहिला, आणि मग मटकन खालीच बसला.

मी टॉवेल शोधत होते तेवढ्यात डबुक असा आवाज आला. मामी उतरली होती. पाण्यात. मांडीएवढ्या पाण्यात, काठी डोक्यावर आडवी धरून ती चिखलातून फताक फताक करत चालली होती. होडीवाल्याने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. आम्ही श्वाससुद्धा घेतला नाही, हाक मारली आणि तिला कळलं आपण कुठे आहोत तर काय घ्या. ती काठावर पोचली, मामासमोर उभी राहिली आणि काठीचं टोक त्याच्यापुढे धरलं.

या वेळी काठी सरकली नाही.

मामाने ती आधी डाव्या हाताने धरली, मग दोन्ही हातांनी. जरा वेळ तशीच धरून बसला. मग मामीने त्याला ओढून उभं केलं.

पिवळं घर तिथेच होतं, दगडांच्या वर. ते घर नव्हतंच. पाण्याच्या पंपाची खोली होती, दाराला कुलूप, आतून घुर्र आवाज. मामा टॉवेल गुंडाळून तिच्याभोवती एक फेरी मारून आला. मला वाटलं आता याचं मन मोडणार, मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण तो नुसता गोंधळलेला होता.

"मग ती माणसं कुठे राहतात?" तो म्हणाला.

"कोण?" मामीने विचारलं.

पायरी होती खरी, मांजराची, मामा तिच्यावर बसला. आम्हीही बसलो, मामीच्या कपड्यांतून पाणी गळत होतं. समोर अख्खं तळं, आणि तळ्याच्या त्या टोकाला आमचा काठ, धुरकट, काडेपेट्यांसारखी घरं. मी बोट दाखवलं, ती बघा आपली बाल्कनी. दोन टॉवेल हलताना दिसत होते, एवढे एवढे. इतक्या लांबून ते फार छान दिसत होते. असं वाटत होतं, तिथे कुणीतरी राहतं आणि त्यांचं बरं चाललंय.

मामा खूप वेळ बघत होता. मग म्हणाला, "तिला झाडांचं वेड नाही. पण बाकी जमतंय."

"काय बडबडताय?" मामी म्हणाली. "डोक्यात पाणी गेलंय तुमच्या."

परत येताना मामा होडीच्या तळाशी आडवा झाला, डोकं मामीच्या ओल्या मांडीवर. काठी आडवी ठेवलेली. मी विचारलं, आता खिडकीच्या टेबलावर बसणार ना? म्हणाला, तिथे डोळ्यांवर ऊन येतं. पण हे म्हणताना त्याला हसू आवरत नव्हतं, त्यामुळे मला माहीत आहे, बसणार. मामीचा एक हात त्याच्या दुखऱ्या खांद्यावर होता. आणि दुसरा, मी मुद्दाम बघितलं, होडीच्या बाहेर. बोटं पाण्यात. मागे बारीक रेघा उठत होत्या आणि मिटत होत्या.

मला वाटलं मामा झोपला. डोळे मिटलेलेच ठेवून तो म्हणाला, "टँकच्या उथळ बाजूला पाणी छातीपर्यंतच असतं."

"झोपा," मामी म्हणाली. पण हात पाण्यातच होता.

"काठी एका हाताने पण धरता येते मला."

"झोपा म्हटलं ना."

होडीवाल्याने वल्ही जोरात मारायला सुरुवात केली. "मास्तर," तो म्हणाला, "माझ्याकडे बघायचं नाही हं."